ॲल्टनकाकांचा आकडा

६ फेब्रुवारी

मनगट पुन्हा ठणकतंय. विकतची काडतुसं फार झटका देतात. ॲल्टनकाका म्हणाले, स्वतः भर की, हलकी भर. बाबांचे दोस्त हे. रिव्हॉल्वर धरायला त्यांनीच शिकवलं मला. जन्मभर स्वतःची काडतुसं स्वतःच भरत आलेत. त्यांच्याकडचं काडतुसं भरायचं जास्तीचं यंत्र देऊन टाकलं, बंदुकीच्या दारूचा डबा दिला, आणि एका काडतुसात ती किती घालायची तो आकडाही — तोंडी. "बिनधास्त टाक. लोण्यासारखं चालतं."

९ फेब्रुवारी

आधी दारू बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक आणलं. सहज पडताळून पाहावं म्हणून. काकांचा आकडा हलका कुठला — सगळ्यात वरच्या मर्यादेच्याही पुष्कळ वर!

गोळीचं वजन तेच. दारूचं नाव तेच. मग?

१० फेब्रुवारी

वाचनालयात याच पुस्तकाची जुनी आवृत्ती मिळाली. तिथे आकडा जरासा वेगळा, पण काकांच्या जवळपासही नाही. इंटरनेटवर तर जितकी तोंडं तितके आकडे. एकाने लिहिलंय, माझा मेव्हणा याहून जास्त घालतो, अजून हात शाबूत आहेत. ही काय खात्री झाली?

ग्रेडी म्हणतो, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली होतीस का?"

१२ फेब्रुवारी

कंपनीत फोन केला. वाटलं, वेड्यात काढतील. पण फोनवरची बाई भलतीच मनापासून बोलली. गोळी नुसत्या शिशाची की तांब्याच्या आवरणाची? काडतुसाच्या पुंगळीत किती खोल बसवणार? मी विचारलं, दोन पुस्तकांत फरक का पडतो? म्हणाली, नळी वेगळी, गोळी वेगळी, चाचणीचा दिवस वेगळा — थोडं इकडेतिकडे होणारच. म्हणून सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि वरच्या मर्यादेपलीकडे कधीच जायचं नाही.

मग मी काकांचा आकडा सांगितला. तिने तो पुन्हा म्हणायला लावला.

"हा आमचा आकडा नाही, बाई. ज्यांनी दिला त्यांना विचारा, आणला कुठून. तोवर एकही भरू नका."

मी काकांचं नाव काही सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी

नेमबाजीच्या क्लबात आज काकांच्या शेजारी उभी राहिले. त्यांच्या रिकाम्या पुंगळ्या सिलिंडरमधून सुटत नव्हत्या. तळहाताने ठोकून काढत होते. "थंडी आहे," म्हणाले. दोन उचलून पाहिल्या. तळाची, ठिणगी पाडणारी टोपी चेपून सपाट झालेली. पुस्तकात हे जास्त दाबाचं, रिव्हॉल्वर फुटण्याच्या धोक्याचं लक्षण म्हणून दिलंय, चित्रासकट.

म्हणजे ते स्वतःही तेच भरतायत. आणि आम्ही सगळे त्यांच्या आजूबाजूला उभे.

१५ फेब्रुवारी

काकांच्या गॅरेजात गेले. सरळ विचारलं, आकडा कुठला? त्यांनी फळीवरचं पुस्तक काढलं. पान बरोबर उघडलं, बोट ठेवलं आणि ठणकावून आकडा सांगितला.

बोट एक ओळ खाली होतं. ती दुसरीच दारू — सावकाश जळणारी, जास्त लागणारी.

म्हटलं, काका, ही खालची ओळ आहे. तर म्हणाले, "तू शाळेत होतीस तेव्हापासून भरतोय मी." पुस्तक मिटलं. मीही हट्टाला पेटले. पुन्हा उघडा म्हटलं, आपण दोघं मिळून वाचू. "मला वाचायला शिकवू नकोस, मार्ला!" काकांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. निघताना मी एवढंच बोलले — तुम्ही हे वापरणार असाल तर मला क्लबाला सांगावं लागेल.

घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही. राग होता की काय होतं, कोण जाणे. एवढा काटेकोर माणूस, आणि एक ओळ चुकली हे कबूल करवत नाही?

२० फेब्रुवारी

काका क्लबात आले नाहीत. फोन उचलत नाहीत.

२१ फेब्रुवारी

सगळ्यात खालच्या आकड्याने माझी पाच काडतुसं भरली. एकेकाच्या दारूचं वजन दोनदा करून. झाडली. हात जरासा मागे आला, बस्स. मनगट गप्प. मजा यायला हवी होती. पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते काकांनाच.

२३ फेब्रुवारी

सकाळी काका दारात. हातात बादली, भरलेल्या काडतुसांनी काठोकाठ. "एकही वापरलं नाही तेव्हापासून. उकलून टाकायचीत. मला एकट्याला जमणार नाही." मी म्हटलं, बसा, करू दोघं मिळून. ते उभेच.

"मधोमध काही दिसत नाही गं, पोरी. उन्हाळ्यापासून. कडेचं तेवढं दिसतं. ओळी एकमेकींत घुसतात. कुणाला बोललो नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. पिकअप अंगणात उभी होती, आणि ते एकटेच आले होते.

मी हात पुढे केला. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.