खाजाचं माप

६ नोव्हें.
या हातांनी आजवर केलेलं: रिक्षांचे हूड, मोजणं सोडलं. होड्यांची छतं बावीस. दशावतारातल्या राजाच्या सिंहासनाची गादी. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची, ती कुडाळहून मुद्दाम माझ्याकडे आली. कुणी शिकवलं नाही. जुनं उसवायचं, बघायचं, पुन्हा शिवायचं. एकाही कामात सुरकुती नाही.
आणि आज चार महिन्यांच्या कुत्र्याने विकतच्या गळपट्ट्यातून मान काढून घेतली. पर्यटकांच्या बसने हॉर्न दिला, खाजा मागे हटला, पट्टा माझ्या हातात, तो रस्त्यावर. बस हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर जे बोलला ते लिहीत नाही.
बायको, सुनंदा, दारात होती. ‘गाडयेखाली जातलो तो एक दिवस. आणि तुमी रिकामो पट्टो धरून उभे रवतलास.’ मग: ‘म्हयनोभर बघतंय. जमला नाय तर दादाकडे कणकवलेक परत.’
दिला तिच्या दादानेच. ग्रेट डेन म्हणजे वासराएवढं होणारं कुत्रं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं. रंग जत्रेतल्या गुळाच्या खाज्यासारखा, म्हणून हे नाव. ते पण तिनेच ठेवलं.

९ नोव्हें.
पट्टा एक भोक आवळला. आता खोकतो. कुडाळला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. म्हणाले, ‘मोठ्या जातीचं पिल्लू आहे, ओढणारच. गळ्यावर भार नको, छातीवर घ्या. हार्नेस घाला, छातीचा पट्टा. फक्त खांदे मोकळे राहू देत.’ आणखी काहीतरी बोटांचं सांगत होते. मी उठलो होतो.
बाजारात हार्नेस बघितला. वर ‘लार्ज’ लिहिलेलं. छातीला बसतो तर पोटाला लोंबतो. प्लॅस्टिकचं बकल. शिलाई एकेरी. एकेरी! परत ठेवला. दुकानदार म्हणे, सगळे हाच नेतात. नेऊ देत. मी शिवतो.

१० नोव्हें.
मान साडेचौदा. छाती चोवीस. दोन पायांमधून पोटापर्यंत अकरा. सुक्या बांगड्याचं डोकं दाखवलं तेव्हा कुठे उभा राहिला.
छताची नायलॉन पट्टी, आतून फोम, दुहेरी शिलाई, स्टीलच्या कड्या. माप कमी-जास्त करायची सरकती कडी एकही नाही. ज्याला माप घेता येत नाही त्याने सरकती कडी लावावी.
रात्री घातला. नवीन रिक्षेच्या सीटसारखा बसला. खाली नख जाणार नाही.

१९ नोव्हें.
पुढचा डावा पाय टाकताना लंगडतो. पट्टा सोडला. दोन्ही काखांत केस गेलेले, कातडी लाल, एका बाजूला ओली. छाती मोजली. साडेपंचवीस. नऊ दिवसांत दीड इंच. टेप चुकली असेल म्हणून दुसऱ्या टेपने मोजली. साडेपंचवीसच.
सुनंदा खोबरेल घेऊन आली. त्याला लावताना माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. ‘तुमका कुत्रो व्हयो की रिक्षेची सीट? शिलाई बरी आसा. आता तेका सांगा, वाढू नको म्हणान.’
जेवलो नाही. राग कुणाचा ते…

२० नोव्हें.
इस्माईलभाई होडीचं छत घेऊन आला. पट्टा क्र. १ खुंटीवर होता. हातात घेतला, उलटसुलट केला. मला वाटलं वाखाणणार.
‘बाबल, होडी बांधतंस तेवा भरतीक ढील सोडतंस मा?’
सोडतो की, म्हटलं. दोर ताठ बांधला तर भरतीत होडी आडवी होईल.
‘मगे ह्येका कित्याक ताठ बांधलंस? ह्येका तर रोज भरतीच आसा. ओहोटी नाय!’ आणि स्वतःच हसत बसला.
मी हसलो नाही. पण गेल्यावर क्र. १ उसवायला घेतला.

२२ नोव्हें.
क्र. २. चारी बाजूंना सरकत्या कड्या. लिहून ठेवतो, लावल्या. पट्टी काखेपासून चार बोटं मागे. डॉक्टरांना फोन करून बोटांचं विचारलं: दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हे त्यांनी त्या दिवशीच सांगितलं होतं. दर रविवारी माप घ्यायचं. जखम सुकतेय.

२५ नोव्हें.
किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होते. माशांचा वास आला तसा खाजा पुढे. मी धरून ठेवला. मग पठ्ठ्या मागे हटला, मान खाली, पाय दुमडले, आणि क्र. २ वाळूत पडला. खाजा जाळ्यात.
रापणकार ओरडले, ‘ओ मेस्त्री! तुमच्या कुत्र्यान कपडे काढल्यान!’
तीस माणसं हसली. ताठ केला तर सोलतो, ढिला केला तर सुटतो. या दोन्हींच्या मधलं माप कुठे असतं ते कुणी दाखवावं.

२८ नोव्हें.
त्याला उताणा झोपवून नीट बघितला. छाती पिंपासारखी, कंबर मुठीएवढी. छातीवरून निसटतो तो पट्टा कंबरेपाशी अडवायला हवा. म्हणजे फासळ्यांच्या मागे एक तिसरी पट्टी. पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. मी छाती मोजली, कुत्रा बघितलाच नाही.

१ डिसें.
क्र. ३ झाला. अंगणात समोरून ओढला, मागे हटू दिला, चार वेळा. सुटला नाही. सुनंदा म्हणाली, ‘अंगणात काय बघतास? रस्त्यार बघा.’
काख कोरडी आहे.

४ डिसें.
रस्त्याला गेलो नाही. काल पण नाही. दोर हाताला दोन वेढे घेतला, फाटकापर्यंत गेलो, बस आली, परत फिरलो. खाजा माझ्याकडे बघत होता. सुनंदाची मुदत परवा.

५ डिसें.
दुपारी वालावलचा एक बागवाला जीपच्या सीट घेऊन आला. खाजा दिसला. सीट विसरला. आंब्याच्या बागेत राखणीला हवा म्हणाला. ‘साखळीर बांधतलंय. पट्ट्याची भानगडच नको.’
खाजा क्र. ३ घालून त्याचे बूट हुंगत होता. सुनंदा बाजारात गेलेली. घरात विचारून सांगतो, एवढं म्हणून वेळ काढता आला असता.
पंचवीस हजार देत होता, रोख. नको म्हटलं.