ब्रोसाकच्या किल्ल्यातला मटणाचा वास

ब्रोसाक, ६ मार्च १५६९

ती. एमारदादास, धाकट्या इझाबोचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत, म्हणजे खारवलेले मासे खाऊन माणूस जितका खुशाल राहील तितके. तू दरबारात बदामाच्या दुधातला भात हाणत असशील. असो. खरी बातमी अशी, की आपल्या किल्ल्यात कोणीतरी मटण खातंय! ईस्टरआधीचा उपास चालू, मासे चालतात पण मांस वर्ज्य, आणि भर दुपारी मागच्या अंगणात लसूण लावून भाजलेल्या मटणाचा वास. उपासात मटण खाणारा तो ह्युगेनॉ, पोपला न मानणारा पाखंडी, हे शेंबडं पोरही सांगेल.

मला चैन पडत नाही. आचारी कानांवर हात ठेवतो. आईसाहेब म्हणाल्या, की उपासात नाकानेही उपास करावा. तुझ्या पाठचा ओदे असता तर आम्ही दोघा भावंडांनी छडा लावला असता, पण तो घोडे घ्यायला गास्कनीत गेला तो गेलाच.

लोभ आहे, तो उपासात वाळू देऊ नकोस.

इझाबो

पॅरिस, १४ मार्च

चि. इझाबोस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाक लहानपणापासून लांब. या वेळी ते कामी येऊ दे. राजाचा माणूस ईस्टरआधी ब्रोसाकला येतोय. घर निखळ कॅथलिक दिसलं, की बाबांच्या मागे गेलेली सुभेदारी मला परत मिळेल. एक जरी ह्युगेनॉ सापडला, तर किल्ला जप्त आणि तो माणूस फासावर. तेव्हा छडा लाव आणि नाव कळव. मी स्वतः त्याला हवाली करीन, मग तो आचारी असो की आपल्या रक्ताचा. आईसाहेबांना मात्र बोलू नकोस, या वयात त्यांना सोसायचं नाही.

तुझ्या नाकाचा आणि तुझा, एमारदादा

ब्रोसाक, २१ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सापडलं. आपला म्हातारा कुत्रा कबुतरखान्याच्या दाराशी ठाण मांडून बसला होता. आत शिरले तर कबुतरांच्या विष्ठेत, मांडीला गोळी लागलेला ओदे! कसली गास्कनी आणि कसले घोडे. तो ह्युगेनॉ बंडखोरांकडून लढत होता.

आणि त्याच्यासमोर ताट धरून आईसाहेब! त्या स्वतः कोरड्या पावावर आहेत. मी म्हटलं, की निदान मासे तरी द्यायचे, वास तरी सुटला नसता. तर म्हणाल्या, की या गाढवाला तेच सांगून जीभ झिजली. मासा खाल्ला तर पोपचा उपास पाळल्यासारखं होतं म्हणतो. जीव गेला तरी चालेल, पण हेरिंग नको!

दादा, अजून ऐक. त्याला तिकडे धाडलं आईसाहेबांनीच. बाबा गेल्यावर त्यांनी ठरवलं, की दोन मुलगे दोन पक्षांत असू द्यावेत. कोणीही जिंको, ब्रोसाकचं छप्पर आपलंच. फक्त हे पोर खरंच मनापासून बाटेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. हे सांगताना त्या रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

त्या मटणाचा एक तुकडा मीही खाल्ला. पापाची चव कशी असते ते बघायचं होतं. मीठ कमी होतं.

तुला नाव हवं होतं. खाणाऱ्याचं देऊ, वाढणारीचं, की चाखणारीचं? तूच सांग. तुझा लोभ अजून असेल तर तोही कळव.

इझाबो

पॅरिस, ३० मार्च

चि. इझाबोस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शेगडीत घातलं. ब्रोसाकमध्ये प्लेगची साथ आहे, असं मी राजाच्या माणसाला सांगितलं. तो शेजाऱ्यांकडे उतरला आणि सुभेदारी त्यांनाच मिळाली. मी दोन दिवस जेवलो नाही. उपासाचे दिवस, कुणाच्या लक्षात आलं नाही. ओदेला सांग, की मासा खा नाहीतर उपाशी मर, पण घराला वास लावू नकोस. आणि त्याची जखम कशी आहे ते उलट टपाली कळव.

आईसाहेबांना एक विचारशील? ओदेला तिकडे धाडलं ते कळलं. मला इकडे ठेवलं, ते माझी श्रद्धा पक्की वाटली म्हणून, की मी थोरला म्हणून? परवा प्रार्थनेला गुडघे टेकले आणि हेच मनात आलं. काय म्हणतील ते जसंच्या तसं लिही.

लोभ आहे, गं.

एमारदादा