खिडकीतलं ‘जातो’

सोमवार
लागली बाई एकदाची नोकरी! खुर्सीपारला, बाबांच्याच ठेकेदाराकडे. कारखान्याच्या गेटवरच्या कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडते. कामगारानं कार्ड लावलं की तिच्यात त्याचा फोटो येतो आणि घरी निघताना निरोप. आतून ते साधं वेबपेजच आहे, ते सजवायचं माझं काम. प्रोग्राम मात्र आदिकाळातला. रंग घेतो, गोल कोपरे घेत नाही, सावली तर त्याच्या गावीच नाही. ठेकेदार म्हणाले, माणसं आपल्या विदर्भातली, मराठीत लिही. मी इथल्या हिंदी शाळेतली, मराठी घरापुरती. येताना ‘या’ लिहिलं, निघताना ‘जातो’, मोठ्ठं, केशरी. आज निघताना पहिलं कार्ड म्हाताऱ्या फकिराकाकांनी लावलं, बाकीच्यांचं उद्यापासून. झाडूवाल्या सिंधुताई हसल्या, म्हणे मलेबी जातोच म्हणशील का, मी का गडी हावो? घरी बाबा दमून आडवे झाले होते, तरी म्हणाले, पाहू आमच्या उन्नतीच्या हातची खिडकी.

मंगळवार
फकिराकाका काल घरी गेले, जेवले, झोपले, ते उठलेच नाहीत. वय होतं, असं सगळे म्हणाले. सकाळीच आईला खिडकीचं सांगितलं होतं, तर तिनं कपाळावर हात मारला. निघताना जातो म्हणत असतेत का वं, येतो म्हणावं लागते, जातो म्हणणारा वापस येत नाही. एवढंही मला कळू नये? लाज वाटली. कार्डं सुरू होण्याआधी ‘जातो’ला लपवायची खूण घातली, वर ‘येतो’ लिहिलं. पुसलं नाही. आळस, दुसरं काय.

शुक्रवार
सिंधुताई गेल्या. काल त्यांच्या फोटोखाली ‘येतो’ आलं आणि त्याखाली ‘जातो’सुद्धा, बिनरंगाचं, बारीक. या जुन्या खिडकीला लपवायची खूण नेहमी कळतेच असं नाही. त्या वाचून हसल्या होत्या, पुन्हा गडीच केलंस म्हणे. आज तो शब्द पुसूनच टाकला. झोप नाही. ठेकेदारांना सांगितलं तर म्हणाले, दोन दिवस आराम कर.

शनिवार, दुपार
आराम कर म्हणाले, तरी गेटवर आलेच. पुसलं होतं. मी स्वतः पुसलं होतं.
खिडकी आपोआप उघडली. बाबांचा फोटो. खाली ‘जातो’. अख्खं पान धुंडाळलं, शब्द कुठेच नाही. बाबांनी अजून निघायचं कार्ड लावलेलं नाही —

संध्याकाळ
भोंगा झाला. बाबांचं कार्ड काढून घेतलं, गेटबाहेर पडू दिलं नाही. म्हणतात, थकून गेलो पोरी, घरी जाऊ दे. रडून थांबवलं. बाकावर बसल्या बसल्या झोपलेत. श्वास चालू आहे. लिहीत राहिले तर माझा डोळा लागणार नाही.
प्लग काढला. खिडकी तशीच.
बाबांचा श्वास हळू —
खिडकीलाच म्हटलं, यांना सोड. चूक माझी आहे.

बाबांचा फोटो गेला! घोरताहेत. चांगले घोरताहेत.

चौकट रिकामी. माझं तर कार्डच नाही.
अक्षरं येताहेत. ‘जातो’ नाही —
‘जाते’.
हा शब्द मी कधी लिहिलाच नव्हता.

आईचा फोन वाजतोय. निघालात का विचारेल. सांगते तिला, आई, मी ये—