ट्रेलरच्या भरवशावर मंडई

ता. सिंदेवाही, मंडईनंतरचा सोमवार

प्रिय मित्र वारलूभाऊ,

खुशालचा जय भीम. तुझा रामराम तू मनातल्या मनात म्हटला असशील, तो पोचला. गुडघा कसा आहे? आशावहिनींची शुगर? तुमच्या कुरखेड्याकडे धान चुरून झाले की अजून पुंजण्यातच रचून ठेवलेत? इकडे बायनाबाई बरी आहे, माझ्यावरचा राग सोडला तर. मीही बरा आहे, तो रागामुळेच. या थंडीत सकाळी उठल्याउठल्या अंगात ऊब येते. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला सध्या फोन या वस्तूचं तोंड बघवत नाही.

तुला आठवत असेल, दोन पावसाळ्यांमागे आमच्या गावात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. (त्या सिनेमाचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. माझ्या हातात तेवढीच शिक्षा आहे.) त्यांना तळ्याच्या बांधावर, म्हणजे आपल्या बोडीच्या पाळीवर, बसलेला एक म्हातारा हवा होता. मी तिथे बसलेलोच होतो. दिग्दर्शक नावाचा मुलगा म्हणाला, बाबाजी, काहीतरी जुनं म्हणा. आता मला कोणी काहीतरी जुनं म्हणा म्हटलं तर मी काय म्हणणार? गेडाम गुरुजींची बगळ्याची कविता. चौथीच्या वर्गात, खिडकीतून बोडी दिसायची तिथे उभं राहून गुरुजींनी स्वतः रचलेली, कुठल्याही पुस्तकात नसलेली आणि तू आणि मी सोडून आता जगात कोणालाही येत नसलेली.

काठावरती बसला बगळा, दुसरा बगळा पाण्यात,
एक उडाला, दोन्ही गेले, उरला तिसरा गाण्यात.

म्हणताना मला त्या वर्गातला शेणाने सारवलेल्या भुईचा वास आला, भाऊ. गुरुजींच्या धोतराचा सोगा दिसला. मनात म्हटलं, गुरुजी, तुमची कविता आता मोठ्या पडद्यावर जाते. पण तो दिग्दर्शक एवढ्यावरच थांबवायचा. पुन्हा म्हणा, बाबाजी. उजवीकडून म्हणा. ऊन गेलं, थांबा. ऊन आलं, म्हणा. दिवसभर मी तेवढ्याच दोन ओळी म्हणत होतो. पुढच्या कडव्याला सुरुवात केली की तो हात वर करायचा. गुरुजींनी वर्गात कोणाला असं मध्येच थांबवलं नाही, अगदी तुलाही नाही.

त्यानंतर सुरू झालं वाट बघणं. वाट बघायला माझी हरकत नाही, आपण झाडीपट्टीतली माणसं, रोवणीपासून कापणीपर्यंत वाटच बघतो. पण धान्य येणार आहे अशी आधी जाहिरात करत नाही. या लोकांनी आधी पोस्टर येणार याची बातमी दिली. मग पोस्टर आलं, त्यावर टीझर कधी येणार ते लिहिलेलं. टीझर आला, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपला, त्यात ट्रेलरची तारीख. माझा पुतण्या प्रफुल याचा या काळात पुनर्जन्म झाला. तो फोनवर टीझर बघतो, बघताना दुसऱ्या फोनने स्वतःचं तोंड टिपतो आणि ते तोंड लोक तिसऱ्या फोनवर बघतात. मी विचारलं, अरे, लोक सिनेमा सोडून तुझं तोंड काऊन पाहून राह्यले? तर म्हणतो, बडेबाबा, याले रिॲक्शन म्हणतात, तुमाले नाई समजत. नाहीच समजत. आमच्या घरी भाजी शिजते तेव्हा ती बघणाऱ्याचा फोटो काढून कोणी गावात वाटत नाही.

मग ट्रेलर आला. अख्खं गाव समाजमंदिरात जमलं, प्रफुलने भिंतीवर मोठं करून दाखवलं. गाड्या उडाल्या, आग लागली, हिरो वाघासारखा डरकाळला (आपल्या ताडोब्याचा कोणताही वाघ हे ऐकून लाजेल). मध्येच आपली बोडी, बगळा आणि मी. माझे ओठ हलत होते. आवाज ढोलाचा होता. बायनाबाई म्हणाली, "तुमी काई बोलून राह्यले का चावून राह्यले?" सगळे हसले. मी म्हटलं, ठीक आहे, सिनेमात ऐकू येईल. भाऊ, एवढ्या एका आशेवर मी त्या माणसांचं सगळं सहन केलं.

आता खरा घोटाळा ऐक. दिवाळीनंतर मंडईची जत्रा, मंडईला पाहुणे आणि पाहुण्यांसाठी नाटक, हे तुला काय सांगायचं. दरवर्षी आमचे भैयाजी, मंडळाचे अध्यक्ष, पावसाळ्यातच वडशाला जाऊन नाटक कंपनी बुक करतात. या वर्षी ट्रेलरखाली सिनेमाची तारीख बघून प्रफुल आणि त्याच्यासोबतच्या पोरांनी ठराव मांडला की मंडई त्याच दिवशी ठेवायची, नाटक घ्यायचंच नाही, पाहुण्यांना ट्रॅव्हल्समध्ये बसवून चंद्रपूरच्या टॉकीजला न्यायचं आणि आपलं गाव पडद्यावर दाखवायचं. असला ठराव जगात दुसरं कुठलं गाव पास करणार नाही. आम्ही एकमताने केला. (विरोधात हात वर करायला हवा होता असं बायनाबाई म्हणते. पण माझे दोन्ही हात आधीच वर होते.)

मंडईच्या सकाळी पाहुणे उतरले. कोरपन्याहून माझी साळी अंजनाबाई सगळं घर घेऊन आली, नवी साडी टॉकीजसाठी वेगळी. कोंबडे कापले. आणि दुपारी प्रफुल तोंड पाडून आला. सिनेमा पुढे ढकलला होता. चाहत्यांच्या प्रेमाचा मान राखून, असं कारण लिहिलं होतं, खाली हात जोडलेले, आणि दिलगिरी म्हणून आणखी एक नवा ट्रेलर. त्यात मी नाही. बगळा आहे.

भैयाजींनी वडशाला फोन लावले. हंगामात कोणती कंपनी रिकामी बसते? बिननाटकाची मंडई म्हणजे काय ते तुला कळेल. ओट्यावर बसलेले पाहुणे घड्याळ बघत नाहीत, नुसते तुमच्याकडे बघतात. अंजनाबाई सगळ्यांदेखत मला म्हणाली, "भाटवे, तुमचा पिच्चर नाई, नाटक नाई, आता आमी कोंबड्याचाच तमाशा पाहाव का?"

तेव्हा दिवेलागणीला भैयाजींनी मला स्टेजवर ढकललं. म्हणाले, खुशालभाऊ, तुमीच म्हना ते कविता, लोक तरी बसतीन. भाऊ, मी चढलो. रागाच्या भरात चढलो. म्हटलं, ढोल नाही, हिरो नाही, कोणी हात वर करणारा नाही, आज गुरुजींची कविता पूर्ण होईल. समोर सगळं गाव बसलेलं. मी डोळे मिटले आणि म्हटलं. काठावरती बसला बगळा. एक उडाला, दोन्ही गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे गेलो.

पुढे काही नव्हतं.

त्याच दोन ओळी पुन्हा आल्या. मी पुन्हा म्हटल्या. पुन्हा तिथेच थांबलो. त्या दिग्दर्शकाचा वर गेलेला हात मिटलेल्या डोळ्यांपुढे दिसायचा आणि जीभ जागीच थिजायची. मागून कोणीतरी ओरडलं, "बसा बाबाजी, ट्रेलर पाह्यला, पिच्चर पुढच्या साली." मंडप हसून कोसळला. अंजनाबाईचे पैसे तिथेच वसूल झाले.

म्हणून मी संतापलो आहे. त्या लोकांनी सिनेमा दिला नाही, ते सोड. माझी कविता होती तीही नेली आणि मला तिचा ट्रेलर करून परत पाठवलं. सगळ्यांना यथायोग्य सांग. कळावे.

तुझा बाकावरचा सोबती,
खुशाल

ता. क. रागारागात मुद्दा राहिला. पुढची कडवी लिहून पाठव. तिसऱ्या बगळ्याचं पुढे काय होतं ते मला खरंच आठवत नाही. रोज बोडीवर जाऊन बसतो. बगळे येतात, कविता येत नाही.

ता. क. २. तुलाही आठवत नसेल तर तसं पत्राने कळवू नकोस. उठून ये. दोघं पाळीवर बसू, तू अडशील तिथे मी सुचवेन, मी अडेन तिथे तू. गुडघ्यासाठी खुर्ची नेऊ.

ता. क. ३. आणखी एक. पुढच्या मंडईला मी संपूर्ण कविता म्हणणार असं मी त्याच संध्याकाळी स्टेजवरून जाहीर करून बसलो आहे. प्रफुलने पोस्टर केलं आहे. माझा फोटो, बगळा आणि खाली "सोबत कुरखेड्याचे वारलूभाऊ, लवकरच". कालपासून लोक तारीख विचारून राह्यले आहेत. तू आला नाहीस तर मला ती पुढे ढकलावी लागेल.