उजवा गाल राहिला

सोमवार, ३ मार्च

दिवसभरात चार गिऱ्हाइकं. त्यातलं एक किती वाजले विचारायला आलं होतं! गुडघा दुखतोय. ही म्हणते, गुडघा नाही, कामाचा कंटाळा दुखतोय.

मंगळवार, ४ मार्च

मंडईत कुणीतरी बॉम्ब ठेवला. आम्ही दोघं ठीक आहोत. दुकानाची काच गेली. टॉवेल एकही उरला नाही. हात थरथरतोय. उद्या लिहीन.

बुधवार, ५ मार्च

आज हात जागेवर आहे. वस्तरा धरून बघितला, मगच पेन धरलं.

काल सकाळी एक नवीन जोडपं आलं. बदली होऊन या गावात आलेत, आठवडाही झाला नाही, सामानाची खोकी अजून बांधलेलीच. त्याची दाढी चांगली पाच-सहा दिवसांची वाढलेली. बायको दारातूनच डोकावून म्हणाली, "मी पडद्याचं कापड बघून येते. नीट करा हो यांची. अर्धामुर्धा परत पाठवू नका, मी घरात घेणार नाही!" आणि हसत निघून गेली. तो आरशातून दाराकडे बघत राहिला. लग्न काही नवीन दिसत नव्हतं, पण बघणं नवीनच होतं.

मी नेहमीसारखा आधी त्याच्या गालांवरून हात फिरवला. वडिलांची शिकवण — आधी हात, मग साबण, मग वस्तरा. प्रत्येक गालाचे केस आपापल्या दिशेला झोपतात, ते हाताला कळतं, डोळ्यांना नाही. याच्या उजव्या जबड्याखाली भोवरा लागला. म्हटलं, "इथे जपायला हवं, नाहीतर हमखास कापतं." तो म्हणाला, "रोज कापतं!" डावा गाल झाला. उजव्याला साबण लावला. आणि धडाम्!

काच आत आली. मी खुर्चीमागे खाली बसलो — खोटं कशाला लिहू? तो उठला. गळ्यात माझं पांढरं कापड, अर्ध्या तोंडाला साबण, आणि पळत सुटला — मंडईकडे! सगळं गाव तिकडून इकडे पळतंय आणि हा एकटा इकडून तिकडे! थोड्या वेळानं एका म्हातारीला उचलून घेऊन आला, माझ्या बाकावर ठेवलं आणि परत आत. मग एका हमालाला खांद्यावर टाकून आणलं. परत आत. मी ओरडलो, "अहो, पुरे आता!" त्यानं ऐकलंच नाही. मग गेला तो गेलाच.

आमच्या गल्लीनं काल जे केलं त्याला तोड नाही. दुकानाचा दवाखाना झाला. गरम पाणी होतंच, तुरटी होती, टॉवेल होते. शेजारचा शिंपी एरवी उरलेली चिंधी मागितली तरी कुरकुरतो — त्यानं अस्तराचं अख्खं ठाण टराटरा फाडून पट्ट्या केल्या. टॅक्सीवाले एरवी कोपऱ्यापर्यंत यायला नाक मुरडतात. काल मीटर न टाकता इस्पितळाच्या खेपा मारत होते, गाडीतल्या गाद्या रक्तानं भिजल्या तरी कुणी हूं की चूं केलं नाही. छाती भरून आली. हे माझं गाव!

हिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्याची बायको?"

म्हटलं, पडद्याची दुकानं मागच्या गल्लीत. मंडईशी काय संबंध? सुटली ती.

गुरुवार, ६ मार्च

रक्त द्यायला गेलो. रांग इस्पितळाच्या फाटकाबाहेर, तिथून पार पेट्रोलपंपापर्यंत! शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन खेकसल्या, "घरी जा सगळे! बाटल्या संपल्या!" कुणी हललं नाही. मग त्या रडल्या. मग हसल्या. मग सगळ्यांना चहा आला, कुठून आला कुणास ठाऊक.

काचवाला गल्लीभर काचा बसवतोय, फुकट. म्हणाला, ज्यांनी आजवर सगळ्यात जास्त घासाघीस केली त्यांच्यापासून सुरुवात. म्हणजे आमचाच पहिला नंबर लागला! ही दिवसभर त्या काचेतून बाहेर बघत होती.

शनिवार, ८ मार्च

पेपरात फोटो! धुराच्या लोटातून तो बाहेर येतोय, खांद्यावर हमाल, पाठीमागे माझं कापड फडफडतंय, डावा गाल चकचकीत आणि उजवीकडे साबण. चेहरा ओळखू येत नाही — साबण, धूळ, धूर. पण ती डावी बाजू माझ्या हातची, हे मी शपथेवर सांगेन. खाली छापलंय — "हा कोण?"

हिचा भाऊ दुपारीच धापा टाकत आला. त्याचा छापखाना आहे. एरवी लग्नपत्रिका छापतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला नक्षीची चौकट लावायची खोड. "दाजी, पोस्टर काढतो!" संध्याकाळपर्यंत गावभर लागलंसुद्धा. नक्षीच्या चौकटीत.

मृतांची नावं आतल्या पानावर आली आहेत. आमच्या ओळखीचं कुणी नाही. दोघं-तिघं तर बाहेरगावचे.

सोमवार, १० मार्च

मेहुणा सकाळी खुर्चीत येऊन बसला. "डावी काढा, उजवी राहू द्या. पोस्टरसारखी." म्हटलं, वेड लागलंय का? तर म्हणतो, "तो सापडेपर्यंत मी असाच फिरणार!" केली. दुपारी टॅक्सीवाले आले. मग काचवाला. मग बँकेतला तो तुसडा कॅशियर, जो सुटे मागितले की खिडकी बंद करतो! सगळ्यांना अर्धी हवी.

ही म्हणाली, "आणि आम्ही काय, अर्धी वेणी घालायची?" मग बायकांनी पांढरं कापड गळ्याशी बांधायचं ठरवलं. हिनंही बांधलं. शोभतं. तसं बोललो नाही, डोक्यावर बसेल.

बुधवार, १२ मार्च

नगराध्यक्षांनी अर्धी काढली. त्यांची ती दाढी कॉलेजपासूनची. निम्मी जमिनीवर पडली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. गावासाठी की दाढीसाठी, विचारलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

दुकान ओसंडून वाहतंय. दाढीबरोबर गोष्टही लागते सगळ्यांना. "सांगा ना, तो कसा उठला?" सांगतो. रोज सांगून सांगून गोष्टीला चांगलीच धार आली आहे. खुर्चीमागे बसलो तो भाग हल्ली गळतो. आज तर मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "जा गड्या, गाव तुझी वाट बघतंय!" टाळ्या पडल्या!

ही आतून ऐकत होती. जेवताना म्हणाली, "लोक तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत. गुडघा सांभाळा."

चढलो तर चढलो! पन्नाशी उलटेपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. पण खरं सांगतो, मला हवंय ते वेगळंच. तो जिवंत आहे का, एवढं कळायला हवं. आणि उजवा गाल पुरा करून द्यायचाय. वडील म्हणायचे, अर्ध्यावर उठलेलं गिऱ्हाईक झोप लागू देत नाही. मला वाटायचं, म्हातारा काहीतरी बोलतोय.

सोमवार, १७ मार्च

इस्पितळात जाऊन आलो. पुरुषांच्या सगळ्या वॉर्डांत फिरलो. गालांवरून हात फिरवत, "दाढी करून देतो" म्हणत. भोवरा कुठेच लागला नाही. शवागाराच्या दारापर्यंत गेलो. तिथल्या माणसाला म्हटलं, अर्धी दाढी केलेला कुणी आला होता का? "नाही," म्हणाला. 

परत येताना वॉर्डबॉय, लिफ्टवाला, फाटकावरचा पोलीस — सगळे अर्धे! हसू आलं. असलं गाव कुठे मिळेल?

गुरुवार, २० मार्च

मंडई रविवारी उघडणार. गेलेल्यांचे फोटो लावणार भिंतीवर. मला स्टेजवर बोलावलंय! "चार शब्द बोला." ही कोट वाळवतेय, डांबरगोळ्यांचा वास जात नाही.

शनिवार, २२ मार्च

असली गर्दी जन्मात पाहिली नाही. उद्याच्या कार्यक्रमासाठी ज्याला त्याला अर्धी ताजी करून हवी. बाक भरलेला, दारात माणसं, मेहुणा उगाचच नंबर लावून देतोय. मी हात चालवतोय आणि गोष्टही चालू. साबण एकाच बाजूला, वस्तरा एकाच बाजूला, झालं, पुढचा!

दुपारी एक गमतीशीर माणूस आला. खप्पड चेहरा, रया गेलेली, दाढी दोन्हीकडे रानासारखी माजलेली. आजवर अर्धी केली नव्हती म्हणजे! कागदात गुंडाळलेलं पुडकं मांडीवर घेऊन मुकाट्यानं बसला. मी गोष्ट सांगत सांगत डावी बाजू उतरवली. नेमका टाळ्यांच्या जागेवर आलो होतो — "जा गड्या!" — सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो नाही.

मी कापड झटकलं. "झालं. पुढचा!"

तो उठेना. म्हणाला, "पूर्ण करा."

"पूर्ण?"

"हो. उद्या मंडईत जायचंय."

म्हटलं, "अहो, अख्ख्या गावालाच जायचंय! उद्या सगळे अर्ध्या दाढीत असणार आणि तुम्ही एकटे गुळगुळीत? गावाची काही चाड आहे की नाही?" हशा पिकला.

तो म्हणाला, "बायकोला अर्धी नाही चालायची."

मेहुणा म्हणाला, "आमच्या बायकांना तर आम्ही पूर्णसुद्धा चालत नाही!" परत हशा.

मग त्यानं मलाच विचारलं, "तुमच्या गोष्टीतला तो माणूस आला, तर त्याची कराल पूर्ण?"

"त्याची? फुकट करीन! हात जोडून करीन!"

"मग माझी करा."

म्हटलं, "तुम्ही आधी त्याच्यासारखं काहीतरी करून दाखवा." लोक खो खो हसले. तो आरशातून दाराकडे बघत बसला होता. मग पुडकं उचललं, पैसे ठेवले, गर्दीतून वाट काढत गेला. पुडकं मला द्यायला हात पुढे केल्यासारखं वाटलं, पण मेहुण्यानं तोवर पुढचा बसवला होता.

असतात एकेक. नवीन असेल गावात.

भाषण पाठ केलंय. "गड्या" या शब्दावर थांबायचं, म्हणजे टाळ्या पडतात. हिच्यासमोर म्हणून दाखवलं. म्हणाली, "छान आहे. पण तुम्ही खुर्चीमागे बसला होतात ना?"

रविवार, २३ मार्च

भाषण केलं नाही.

फोटोंवरचा पडदा बाजूला झाला. वरच्या ओळीत ती. दारातून डोकावली होती तशीच, हसत.

खाली, घरच्यांच्या खुर्च्यांमध्ये, कालचा माणूस. अख्ख्या मंडईत पूर्ण दाढी केलेला तेवढा एकच. डावा गाल माझ्या हातचा. उजवा त्यानं घरी स्वतःच केलेला, आणि जबड्याखाली, नेमकं भोवऱ्यावर, कापलेलं. कापूस लावला होता. मांडीवर पुडकं सोडलेलं — माझं पांढरं कापड, धुतलेलं, इस्त्री केलेलं.

तो परत परत आत का जात होता, ते आज कळलं. तिला शोधत होता; मागची गल्ली सोडून ती मंडईकडे वळली, ते त्यानं आरशातून बघितलं होतं. बाकीचे वाटेत सापडले.

काल हात फिरवला नाही मी. आधी हात, मग साबण. एकदा फिरवला असता तर कळलं असतं.

दोनदा माझ्या खुर्चीत बसला. दोन्ही वेळा अर्धाच उठून गेला.