मापाची वही

सोमवार, ता. ४

चि. धाकटीस,
अ. उ. आ. रीत म्हणून लिहिले, मनातून आलेले नाहीत.

विज्ञान प्रदर्शनासाठी केलेल्या त्या कापडी पेशीबरोबरचा पोरीचा फोटो पाठवायचा आगाऊपणा तुला कुणी सांगितला होता? पोर माझी, चिंध्या माझ्या शिवणाच्या दुकानातल्या आणि तिच्या खांद्यावर हात तुझा! शाळा तुझ्या गावात म्हणून ती तुझ्याकडे ठेवलीय, देऊन टाकलेली नाही. तिच्या पत्रात सात वेळा मावशी. मावशीने पेशी समजावली, मावशीने भाग पाठ करून घेतले. आई एकदाच, तीही मायन्यात.

आणि ती कापडाची पेशी तिने शिवली म्हणे! आठवीतली पोर एवढे सारखे टाके घालते होय? तूच घातलेस. शिवणात माझे केस पिकले, मला शेंड्या लावू नकोस.

त्यात माझी मापाची वही सुट्टीपासून गायब. गिऱ्हाइकांची नावं लिहीत बसायला वेळ कुठे, म्हणून नावाऐवजी चित्र काढते. बेकरीवालीचं नाक, नर्सबाईचा चष्मा. आता सगळ्यांना परत मोजतेय. बेकरीवाली दोनदा मोजली, दोन्ही वेळा जाड निघाली, आणि चिडली माझ्यावर.

ताई

शुक्रवार, ता. ८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. शिव्या पोचल्या.

मला साधं बटण लावता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? टाके तिचेच. औषधाच्या दुकानातलं काम आटोपून आल्यावर मी फक्त पुस्तक धरून बसायचे.

वही सापडली. पेशीच्या मधोमध शिवलीय. शाळेतल्या बाई म्हणाल्या, केंद्रकाच्या जागी मुलं चेंडू लावतात, तू हे काय लावलंस? पोर म्हणाली, पेशीने काय करायचं ते केंद्रकात लिहिलेलं असतं, आमच्या घरात ते या वहीत असतं. वही मिटली की कात्री, मशीन सगळं गप्प. कडेच्या पटलाला तिने हुक लावलेत. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते पटल ठरवतं, आईसारखं.

मग लाज सोडून मीच विचारलं, यात मी कुठे? तिने आत शिवलेला माझ्या फाटक्या पर्सचा खिसा दाखवला. रिक्तिका. साठवण आणि टाकाऊ. ताई, त्या दिवशी मला घास गेला नाही.

रविवारी, सतरा तारखेला, प्रदर्शन आहे. प्रत्येक मुलाशेजारी घरचं एकच माणूस. आई दुकान सोडून यायची नाही, तूच उभी राहा, असं ती म्हणाली. मी अजून हो म्हटलं नाही. पण मला उभं राहायचंय.

तुझी धाकटी

सोमवार, ता. ११

चि. धाकटीस,
अ. उ. आ. या वेळचे खरे.

फोटो खिडकीत धरून पाहिला. टाके तिचेच. मी डावखुरी, माझ्या शेजारी बसून नुसतं बघत शिकली, म्हणून उजव्या हाताची असून डावीकडून सुरुवात करते. मेलीला मी कधी शिकवलं नव्हतं.

पण आई यायची नाही, हे मला न विचारता कसं ठरवलं? मागच्या दोन प्रदर्शनांना आले नाही, ते खरं. हाताखाली लग्नाचे कपडे होते. या रविवारी दुकानाला कुलूप.

शेजारी कोण, ते तिलाच विचार. तिच्याच हाताने कागदावर लिहून घे, न वाचता पाकीट चिकटव आणि बसच्या कंडक्टरकडे दे. तुझं नाव निघालं तरी येईन, पहिल्या रांगेत बसेन आणि तुझ्याकडे डोळे वटारून बघेन. वही उसवू नकोस. बेकरीवालीला सांगितलंय, वही परत येईपर्यंत थांब म्हणून.

लोभ आहे, पण पाकीट गुरुवारपर्यंत हातात पडलं पाहिजे. शुक्रवार चालणार नाही.

ताई