कचेरीच्या कपाटातलं पिस्तूल

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, मी तुमच्या वयाला आलो, तरी गंजलेला कोयता दिसला की तुमचं तोंड आठवतं आणि माझं डोकं फिरतं.

शिकारीला आलेल्या पाहुण्या साहेबाबरोबर मी दाभोशाच्या रानात फिरलो, माझा नेम त्याला आवडला, आणि जाताना त्यानं ते छोटं पिस्तूल मला दिलं. निशाण मारण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता, त्यानं होल्यासारखं पाखरूसुद्धा मेलं नसतं. पण दसऱ्याला जव्हारात निशाणबाजी होणार होती, आणि पहिल्या येणाऱ्याला संस्थानच्या शिकारखान्यात नोकरी. मला ती हवी होती. तुमच्यासारखा जन्मभर कचेरीत बोरू घासायचा नव्हता. परवान्याचा अर्ज घेऊन मी कचेरीत आलो तर मान वर न करता तुम्ही विचारलंत, "अर्जदाराचं नाव?" पोटच्या पोराला! मग कारण विचारलंत. मी म्हणालो, निशाणबाजी. "शेताची राखण नायतर जिवाची राखण, आपल्याकडं दोनच कारणं चालतात. हे वर विचारावं लागंल." तोवर हत्यार जमा. माझ्या हातातून पिस्तूल घेतलंत, फडक्यात गुंडाळलंत आणि कपाटाला कुलूप घातलंत.

आषाढात आपल्याकडं भिंतींना बुरशी धरते, मिठाचं पाणी होतं. मी खुरासणीच्या तेलाची वाटी घेऊन रोज कचेरीत येतो आहे, दोन बोटं तेल लावू द्या म्हणतो आहे, आणि तुम्ही दहा माणसांसमोर सांगता, "जमा हत्याराला मालकानं हात लावाचा नाय." स्वतःच्या ठासणीच्या बंदुकीच्या परवान्यासाठी बसलेला जामसरचा म्हातारा म्हणाला, "कारकूनदादा, पोर हाये तुमचा. लावू द्या ना." तुम्ही त्यालाही झापलंत. घरी आईनं नागलीची भाकर वाढता वाढता विचारलं, "लोखंडाला कायदा कळतो काय?" तुम्ही खाली मान घालून जेवत राहिलात.

परवाना भादव्यात आला. तोवर पिस्तुलाचा घोडा हलत नव्हता. नळीत बोटभर तांबडा गंज. दसऱ्याला मी दुसऱ्यांसाठी निशाणं मांडली आणि पुढं मोखाड्याला कारकून होऊन बोरूच घासला. बापानं कायद्यापायी माझं वाटोळं केलं, हे मी बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, ऐकेल त्याला सांगितलं.

एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. श्रावणात तुम्ही तापानं पडला होतात. कपाटाची किल्ली तुमच्या करगोट्याला असायची, आंघोळीलाही सुटायची नाही. त्या दुपारी तुम्ही ती माझ्यासमोर सोडून खुंटीला अडकवलीत. "कचेरी बंद हाये आज. शिपाई तुला ओळखतो," म्हणालात आणि भिंतीकडं तोंड करून निजलात. तेलाची वाटी चुलीपाशीच होती. मला समजलं होतं, बाबा. तरी मी दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. तेल लावून आलो असतो तर तुमच्यावर रागवायला काही उरलं नसतं, आणि त्या दिवशी मला पिस्तुलापेक्षा तो रागच जास्त हवा होता. तिन्हीसांजेला उठून तुम्ही विचारलंत, "जाऊन आलास?" मी नाही म्हणालो. तुम्ही किल्ली पुन्हा करगोट्याला बांधलीत.

हे पत्र पेटीत पिस्तुलाखाली ठेवतो आहे. त्याला मी अजून तेल लावलेलं नाही.